चेंडू जमिनीला लागू न देणाऱ्या गिरणीच्या मुली

व्हॉलीबॉलच्या मैदानाभोवती जमलेले लोक टाळ्या कुणासाठी वाजवतात? नेटवर उडी घेऊन स्मॅश हाणणाऱ्यासाठी. त्याचे नाव वस्तीभर होते. पण समोरून तसाच स्मॅश आला की जमिनीवर अंग टाकून तो चेंडू वर काढणारा एक खेळाडू असतो. त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्याचे गुडघे फुटतात, कोपरे सोलतात, कपडे मातीने भरतात आणि टाळ्या मात्र दुसऱ्याला मिळतात.

या दुर्लक्षित कामावर ज्यांनी सबंध संघ उभा केला आणि कापड कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलींना जगज्जेत्या बनवले, त्या प्रशिक्षकाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव हिरोबुमी दाइमात्सु, देश जपान. घरातल्या मुलामुलींनी ती वाचावी आणि आईवडिलांनीही वाचावी. कारण तिच्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे, तसे न घेण्यासारखेही आहे.

कॉमर्स शिकलेला प्रशिक्षक

दाइमात्सुंचा जन्म १९२१ साली जपानच्या शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात झाला. कान्साइ गाकुइन या शिक्षणसंस्थेत त्यांनी वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतले आणि तिथेच ते व्हॉलीबॉल खेळले. १९४१ साली ते निचिबो या मोठ्या कापड कंपनीत नोकरीला लागले. लगेच महायुद्धाने त्यांना सैन्यात ओढले. १९४४ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेशातून आपल्या मणिपूरवर, इम्फाळवर चढाई केली. त्या मोहिमेत हजारो जपानी सैनिक उपासमारीने आणि रोगराईने मेले. जे जिवंत परतले त्यांत दाइमात्सु होते. आपल्या हाताखालच्या सैनिकांशी ते इतके मायेने वागत की सैनिक त्यांना 'होतोके' म्हणत, असे सांगतात. जपानी भाषेत होतोके म्हणजे बुद्ध. पुढे याच माणसाला सगळा जपान 'ओनी' म्हणजे राक्षस म्हणू लागला! एकाच माणसाला ही दोन्ही नावे कशी मिळाली, हे पुढे येईलच.

युद्धानंतर ते कंपनीत परतले. ओसाकाजवळ काइझुका येथे निचिबोची गिरणी होती. १९५४ साली तिथे मुलींचा व्हॉलीबॉल संघ निघाला आणि त्याची जबाबदारी दाइमात्सुंवर आली. संघातल्या मुली काही श्रीमंत घरच्या नव्हत्या. त्या कंपनीच्या नोकरदार होत्या. सकाळी आठला कामावर हजर व्हायचे, दुपारी सुटी झाली की चारच्या सुमाराला मैदानावर उतरायचे आणि मध्यरात्रीपर्यंत सराव करायचा, हा त्यांचा क्रम होता. दाइमात्सुही दिवसभर कंपनीचे काम करून मग शिकवायला येत. गिरणगावात ज्यांचे वाडवडील पाळीच्या भोंग्यावर राबले, त्या आपल्या घरांना या मुलींचे थकलेले पाय वेगळे समजावून सांगायला नकोत.

पडायला शिकवणारे गुरुजी

त्या काळात जपानमध्ये एका बाजूला नऊ खेळाडू घेऊन व्हॉलीबॉल खेळत. बाकीच्या जगात सहा खेळाडूंचा खेळ चालू होता. नऊ जणी असल्या की मैदान भरून जाते, सहाच असल्या की मधे मोकळ्या जागा पडतात. त्यातून रशियाच्या मुली उंच आणि ताकदवान. नेटवर त्यांच्याशी बरोबरी करणे कठीण होते. १९६० साली ब्राझीलमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत जपान दुसरा आला आणि रशिया पहिला.

दाइमात्सुंनी हिशेब मांडला. उंची काही वाढवता येत नाही. मग समोरच्याने कितीही जोरात मारले तरी चेंडू जमिनीला लागूच दिला नाही तर? पण इथे एक अडचण होती. लांबच्या चेंडूसाठी खेळाडू झेप घेते, चेंडू निघतो, पण ती स्वतः जमिनीवर पालथी पडलेली असते. ती उठेपर्यंत दुसरा चेंडू येऊन तिच्या रिकाम्या जागेत पडतो.

यावर त्यांनी जो उपाय बसवला तो पुढे जगभर गेला. खेळाडूने खाली वाकून चेंडूकडे झेपावायचे, हाताने चेंडू वर काढायचा आणि पडण्याच्या त्याच वेगात खांद्यावरून कोलांटी घेऊन सरळ पायांवर उभे राहायचे. झेप, चेंडू, लोळण आणि उठणे ही सगळी एकच हालचाल. यात दोन फायदे होते. पडण्याचा मार एकाच जागी न बसता खांद्यापासून पाठीपर्यंत वाटला जाई, आणि पुढच्या चेंडूसाठी खेळाडू लगेच तयार असे.

सांगायला हे सोपे आहे. पण माणसाचे शरीर पडायला भिते. आपण घसरलो की हात आपोआप जमिनीला टेकतात. ही भीती घालवायची तर हजारो वेळा पडावे लागते. दाइमात्सु डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे एकामागून एक चेंडू फेकत राहत आणि मुली पडत-उठत राहत. सुरुवातीला खांद्यांवर आणि कमरेवर काळेनिळे डाग पडत. हळूहळू अंग शिकले आणि पडण्याची भीती गेली.

जपानमध्ये घरोघरी 'दारुमा' नावाची गोल बाहुली असते. तिला कितीही पाडले तरी ती पुन्हा सरळ उभी राहते. हा दारुमा म्हणजे दुसरे कुणी नसून बोधिधर्म. परंपरेनुसार भारतातून चीनमध्ये धम्म घेऊन गेलेले भिक्खू ते हेच. सात वेळा पडा, आठव्यांदा उठा, अशी जपानी म्हण या बाहुलीला जोडून सांगतात. काइझुकाच्या मुलींनी ती म्हण अंगात मुरवली होती.

तेवीस ऑक्टोबर १९६४

१९६१ साली हा संघ युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि सामन्यामागून सामना जिंकत सुटला. तिकडच्या लोकांनी त्यांना 'पूर्वेकडच्या जादूगारणी' असे नाव दिले. १९६२ साली जागतिक स्पर्धा रशियातच होती. तोवर स्त्रियांचे प्रत्येक जागतिक विजेतेपद रशियाकडे गेले होते. जपानी मुलींनी त्यांना त्यांच्याच देशात हरवून ते काढून घेतले.

आता थांबावे, असे अनेकींच्या मनात होते. कर्णधार मासाए कासाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. लग्न, घर, संसार यांचा विचार मनात येणारच. पण १९६४ साली ऑलिम्पिक टोकियोत भरणार होते आणि त्यात प्रथमच व्हॉलीबॉल होता. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचा तो पहिलाच सांघिक खेळ. खेळत राहा, अशी लोकांची पत्रे ढिगाने येऊ लागली. शेवटी मुलींनी आणखी दोन वर्षे द्यायचे ठरवले. जपानच्या ऑलिम्पिक संघातील बारापैकी दहा जणी निचिबो काइझुकाच्या होत्या.

पाच सामन्यांत जपानने फक्त एक सेट गमावला. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी शेवटचा सामना रशियाशी झाला. पहिले दोन सेट १५-११ आणि १५-८ असे जपानने घेतले. तिसऱ्यात जपान १४-८ असा पुढे होता, पण शेवटचा एक गुण काही मिळेना. रशियाने एकेक गुण करत तेरापर्यंत गाठले. अखेर रशियाच्या खेळाडूचा हात नेटपलीकडे गेला, पंचांनी चूक दिली आणि सुवर्णपदक जपानचे झाले. टोकियो व आसपासच्या भागात ६६.८ टक्के घरांत हा सामना टीव्हीवर पाहिला गेला. जपानच्या क्रीडा इतिहासात इतका पाहिला गेलेला सामना आजवर दुसरा नाही. विजयाचा तो शेवटचा गुण स्मॅशने आलेला नव्हता, हे आपण विसरू नये. आपला कोणताच चेंडू पडत नाही म्हटल्यावर समोरचा थकतो, घाई करतो आणि चुकतो.

राक्षस की बुद्ध?

आता दुसरी बाजू पाहू. दाइमात्सुंचा सराव फार कडक होता. मुली रडत असतानाही ते चेंडू फेकत राहत, टाकून बोलत. परदेशी पत्रकारांनी तो पाहून टीका केली. दुसरीकडे, स्वतः खेळाडूंनी नंतरच्या आयुष्यात त्यांच्याविषयी आदरानेच सांगितले. ते आमच्याबरोबर तितकेच जागत होते, स्वतः मागे राहून आम्हाला पुढे ढकलत नव्हते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय असे.

तरीही कामगारांच्या घरातून आलेल्या आपण हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दिवसभर काम करून मध्यरात्रीपर्यंत सराव, हे योग्य होते का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली आपल्या कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. माणसाला विश्रांती हवी, वाचन हवे, आपले माणूसपण जपायला वेळ हवा, हा त्यामागचा विचार. तो खेळाडूलाही लागू होतो.

खुद्द जपानलाही हे पुढे कळले. तिथल्या ज्युदो खेळाडू मुलींनी प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध केलेली तक्रार २०१३ साली उघडकीस आली. देश हादरला आणि त्याच वर्षी तिथल्या क्रीडा संघटनांनी खेळातून हिंसा हद्दपार करण्याचा जाहीरनामा काढला. म्हणून दाइमात्सुंकडून त्यांची विद्या घ्यावी, त्यांची जीभ घेऊ नये. आपल्या मुलांना शाळेत आणि गावात अपमान पुष्कळ सोसावा लागला आहे. मैदानावर तरी त्यांना शिव्या आणि छडी मिळता कामा नये.

आयांचा व्हॉलीबॉल

ऑलिम्पिकनंतर दाइमात्सुंनी निचिबो सोडली. त्यांनी घडवलेल्या निचिबो संघाची सलग २५८ विजयांची मालिका १९६६ साली थांबली. १९६५ साली चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या निमंत्रणावरून त्यांनी चीनच्या मुलींना शिकवले. १९६८ साली ते जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले आणि १९७८ साली वारले.

कासाईबाईंचे काय झाले? मला कुणाला भेटायला सवडच मिळाली नाही, असे त्यांनी पंतप्रधान सातो यांना सांगितले. तेव्हा पंतप्रधानांनीच पुढाकार घेऊन स्थळ सुचवले आणि १९६५ साली त्यांचे लग्न झाले. पण त्यांनी चेंडू सोडला नाही. जपानमध्ये घरसंसार सांभाळणाऱ्या स्त्रियांनी संध्याकाळी जमून व्हॉलीबॉल खेळण्याची चळवळच उभी राहिली. तिला 'आयांचा व्हॉलीबॉल' म्हणतात. १९७० सालापासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. कासाईबाई या चळवळीच्या अध्यक्षही होत्या. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

चेंडू काढणाऱ्या खेळाडूला नियमांत मान मिळायला मात्र १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये 'लिबेरो' आला. संघात एकाच खेळाडूचा शर्ट वेगळ्या रंगाचा दिसतो, तोच हा. त्याने नेटवर स्मॅश मारायचा नसतो, फक्त मागे राहून चेंडू उचलायचा. या जागेवर बहुधा संघातला सर्वांत बुटका खेळाडू असतो. तेव्हा आमची मुलगी उंच नाही, तिला कोण घेणार, असे म्हणणाऱ्या आईवडिलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

व्हॉलीबॉलला लागते काय? दोन खांब, एक नेट आणि एक चेंडू. विहाराच्या मागे किंवा वस्तीच्या मोकळ्या जागेत तेवढी सोय वर्गणी काढून होऊ शकते. आठवड्यातून दोन संध्याकाळ ती जागा फक्त मुलींसाठी आणि आयांसाठी ठेवा. माती भुसभुशीत करून घ्या, नाहीतर पडायला कुणी तयार होणार नाही. पहिले काही दिवस मोठ्या माणसांनी बाजूला उभे राहून हसू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.