लाल टोपीतला होल्डन

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ‘द कॅचर इन द राय’ हाती पडली, की आपले मन कोणीतरी आधीच कागदावर उतरवून ठेवले आहे असे वाटते. जे. डी. सॅलिंजर यांची ही कादंबरी १९५१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक होल्डन कॉलफिल्ड सतरा वर्षांचा असून सोळाव्या वर्षी घडलेली हकिकत सांगतो. चार विषयांत नापास झाल्याने शाळेने त्याला काढून टाकले आहे. ते घरी कळण्यापूर्वीचे दिवस तो न्यूयॉर्कमध्ये एकटा भटकून काढतो. त्याच्या लेखी सारे जग ढोंगी. आधीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक तर त्याला विशेष खुपतात. भेटीस आलेल्या पालकांपैकी ज्यांचा पोशाख बेताचा, त्यांच्याशी ते नुसते हस्तांदोलन करीत. इतरांशी मात्र अर्धा-अर्धा तास बोलत. गिऱ्हाईक पाहून बदलणारा आवाज व्यापारी घरातल्या कोणत्या मुलाने ऐकलेला नसतो?

तरुण वाचक बहुधा येथेच रमतो. त्याने पंचेचाळिशीत, स्वतःचा मुलगा दार लावून बसू लागल्यावर, तेच पुस्तक पुन्हा उघडले, तर तिरस्काराची पाने मागे पडतात. मग दिसतो तो ॲली, होल्डनहून दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ. तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या होत्या. तो गेला त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. हात मोडून रुग्णालयात पडल्यामुळे भावाच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आले नाही. पुढे रस्ता ओलांडताना आपण नाहीसे होऊ या भीतीने तो मृत भावालाच विनवतो. घरात या दुःखाविषयी त्याच्याशी कोणी बोलल्याचे मात्र दिसत नाही.

लेखक स्वतः व्यापारी घरातला होता. वडील सोल सॅलिंजर चीज व मांसाच्या आयातीच्या धंद्यात होते. मुलाने तो शिकावा म्हणून त्यांनी त्याला व्हिएन्नाला आणि पोलंडला धाडले. तेथील कत्तलखान्यात काही काळ काढून मुलगा १९३८ मध्ये परतला तो त्या धंद्याकडे कायमची पाठ फिरवूनच. पुढे महायुद्धात, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतानाही, होल्डनच्या गोष्टीची पाने त्याच्याजवळ होती.

मराठीतही असा एक मुलगा आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर वडिलांचे पैसे पुण्यात उडवतो, साऱ्यांची खिल्ली उडवतो, धाकट्या मनीच्या मृत्यूपाशी मात्र त्याचा सूर तुटतो. दोघांच्या निवेदनात वडिलांवर राग आहे. फरक इतकाच, की ‘कोसला’तले वडील सतत समोर येतात, तर होल्डनचे वडील एकाही प्रसंगात प्रत्यक्ष येत नाहीत.

आई येते, एकदाच. होल्डन रात्री चोरून घरी शिरून दहा वर्षांच्या बहिणीला, फीबीला, भेटतो. तेवढ्यात आईवडील परततात. तो घाईने कपड्यांच्या कपाटात लपतो. आई खोलीत येते, सिगारेटचा वास आल्याचे म्हणते. आपणच ओढून पाहिली असे फीबी सांगते. आई तिला पांघरूण पुरेसे आहे का वगैरे विचारून निघून जाते. आई आणि मुलगा यांच्यात तेव्हा अंतर असते एका लाकडी दाराचे. पालक म्हणून वाचणाऱ्याला हे पान पुढे उलटणे जड जाते.

होल्डन बाहेर येतो आणि फीबीकडे उसने पैसे मागतो. नाताळच्या खरेदीसाठी साठवलेले आठ डॉलर पासष्ट सेंट ती अंधारात त्याच्या हाती ठेवते. दिवसभर जगाला नावे ठेवणारा तो मुलगा तेथे एकाएकी रडू लागतो. त्याला आवरता येत नाही. निघताना तो आपली लाडकी लाल शिकारी टोपी काढून तिला देतो.