शाह अब्बासची चिनी भांडी

घरातली जुनी चिनी मातीची बरणी किंवा फुलदाणी आजीकडून आईकडे, आईकडून सुनेकडे जाते. रमजानात पाहुण्यांसाठी दस्तरख्वान मांडताना ती कपाटातून खाली उतरते आणि ‘सांभाळून!’ असा आवाज घरभर घुमतो. इराणच्या शाह अब्बासकडे अशी भांडी शेकडोंनी होती. ती त्याने वारसांसाठी ठेवली नाहीत, वक्फ करून टाकली.

वायव्य इराणमधील अर्दबील येथे सफवी घराण्याचे मूळपुरुष शेख सफीउद्दीन (मृत्यू 1334) यांचा दर्गा आहे. 1611 मध्ये शाहने तिथे 1,162 चिनी भांडी दिली. घराण्याची दौलत शेवटी घराण्याच्याच पीराच्या दारी गेली, असे कुणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण वक्फ झालेली वस्तू विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. शाहच्या मुला-नातवंडांचा त्या भांड्यांवरचा हक्क तिथेच संपला.

त्यांतल्या सर्वांत जुन्या निळ्या-पांढऱ्या सुरया आणि थाळे चौदाव्या शतकातले, चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांत भाजलेले. गंमत अशी, की त्यांवरचा निळा रंग कोबाल्टचा आणि हा कोबाल्ट त्या काळी इराणकडूनच चीनला जाई. कारागीर कच्च्या मातीवर कुंचल्याने कमळे, वेली, मासे काढत. कोरडी माती रंग चटकन शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसायची सोय नाही. मग वर झिलई आणि सुमारे 1,300 अंशांची भट्टी. इराणचा रंग असा फुले होऊन इराणला परतला.

अशा देखण्या भांड्यांची काचेसारखी झिलई फोडून शाहने वक्फची खूण कोरायला लावली. लहानशा चौकटीत फारसी मजकूर: शाह-ए-विलायतचा बंदा अब्बास याने हे शाह सफीच्या उंबरठ्याला वक्फ केले. शाह-ए-विलायत म्हणजे हजरत अली. बादशहा स्वतःला बंदा, म्हणजे गुलाम म्हणवतो. काही भांड्यांवर मात्र आणखी एक नाव आहे, करचगाय. हा आर्मेनियन वंशाचा माणूस खरोखरच गुलाम म्हणून दरबारात आला आणि पुढे सेनापती झाला. दोन्ही नावे एकाच भांड्यावर, हाताच्या अंतरावर.

दर्ग्यात या भांड्यांसाठी घुमटाखाली ‘चिनीखाना’ सजला. भिंतींत सुरया-बुधल्यांच्या आकाराचे नक्षीदार कोनाडे केले गेले. 1637 मध्ये ओलेरियस हा जर्मन प्रवासी तिथे आला. बादशहा किंवा बडे सरदार आले, की याच भांड्यांत जेवण वाढत, असे त्याने लिहून ठेवले आहे, कारण त्या पवित्र जागी सोन्या-चांदीची भांडी चालत नसत. सोन्याच्या ताटात जेवू नये, ही शिकवण मुसलमान घरांत आजही मुलांना सांगितली जाते. शेख सफी स्वतः तर लाकडी भांड्यात जेवत, हेही ओलेरियसने तिथेच ऐकले.

शाहने दर्ग्याला दिलेले फारसी ग्रंथ 1828 मध्ये रशियन फौजेने सेंट पीटर्सबर्गला नेले. भांडी मागे राहिली. काही फुटली, काही गेली. उरलेल्यांपैकी सुमारे 800 भांडी 1935 मध्ये तेहरानच्या संग्रहालयासाठी हलवण्यात आली. अर्दबीलचा चिनीखाना अजून उभा आहे. त्याचे कोनाडे बहुतेक रिकामे आहेत.