यंत्र थांबले तरी व्यवहार थांबू नये

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे नगर मंदिरांसाठी, पितळी भांड्यांसाठी आणि विड्याच्या पानांसाठी सर्वश्रुत आहे. या नगराजवळच मरुदानल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे होऊन गेलेल्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतील नामसंकीर्तनाला एक निश्चित पद्धती घालून दिली. सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तंजावर येथे भोसले घराण्याची गादी होती. त्या काळात मराठी कीर्तनाचा आणि अभंगांचा संस्कार या प्रदेशावर झाला. म्हणूनच तमिळ मातृभाषा असलेले भागवतर आजही आपल्या संतांचे अभंग भक्तिभावाने गातात, आणि ते ऐकताना मराठी प्रवाशाचा ऊर भरून येतो.

या भजनात मुख्य गायक एक ओळ म्हणतो आणि मंडळी ती उचलून धरतात. मुख्य गायकाचा आवाज बसला म्हणून भजन थांबत नाही; दुसरा कोणी ते पुढे नेतो. ही परंपरा एकाच कंठावर कधी अवलंबून राहिली नाही, हे तिच्या दीर्घायुष्याचे एक साधे कारण आहे. आपले पैसे, आपली तिकिटे, आपली कागदपत्रे आज आपण ज्या संगणकीय व्यवस्थांच्या हाती सोपविली आहेत, त्यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारावयास हवा. एक कंठ बसला, तर दुसरा तयार आहे काय?

‘सर्व्हर डाऊन आहे’

हे तीन शब्द आता प्रत्येक मराठी माणसाच्या परिचयाचे झाले आहेत. किराणा दुकानात सामान पिशवीत भरून झाले आहे, मागे रांग लागली आहे आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चक्र फिरते आहे. रुग्णालयात अनामत रक्कम भरावयाची आहे. पैसे खात्यातून वजा झाले, परंतु खिडकीपलीकडे पोचले नाहीत. अशा वेळी होणारा संताप केवळ गैरसोयीचा नसतो. आपल्याच पैशांवर आपला अधिकार चालेनासा झाला, ही असहायता त्यामागे असते.

‘क्लाउड’ या शब्दामुळे आपली माहिती कोठेतरी अधांतरी तरंगत असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती जमिनीवरच असते. नवी मुंबईत, चेन्नईत किंवा परदेशात विजेवर चालणाऱ्या आणि अहोरात्र थंड ठेवाव्या लागणाऱ्या संगणकांनी भरलेल्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. अनेक संस्था स्वतःची यंत्रे बाळगण्याऐवजी या इमारतींतील क्षमता भाड्याने घेतात. खर्च वाचतो, कामाचा वेग वाढतो. मात्र हजारो संस्था एकाच छपराखाली आल्यामुळे ते छप्पर गळू लागले की सर्वांनाच भिजावे लागते.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील केंद्रांत दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि एका महत्त्वाच्या माहितीसाठ्याची पत्त्याची नोंद रिकामी झाली. साठा सुरक्षित होता, पण त्याच्यापर्यंत जाण्याचा पत्ताच नाहीसा झाला होता. टपाल कार्यालय जागेवर असावे आणि गावाची पत्त्यांची वही मात्र कोरी व्हावी, तसा हा प्रकार होता. तेथून हजारो मैलांवरील ब्रिटनमध्ये बँकांच्या ग्राहकांनाही त्याची झळ पोचली.

त्याआधी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्या हस्तलिखित पासांची छायाचित्रे पाहून अनेकांना हसू आले. परंतु विमाने ज्या कागदाच्या आधारे उडाली, तो कागद ही एक पर्यायी व्यवस्थाच होती.

मुंबईतील एक दुपार

पर्यायी व्यवस्था असणे आणि ती वेळेवर उपयोगात आणणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत अडथळे आले आणि त्याचा परिणाम बाजाराच्या संगणक यंत्रणेवर झाला. बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईत होते, तरी त्या दिवशी व्यवहार तिकडे हलविण्यात आले नाहीत. दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी बाजार पुन्हा उघडला आणि ५ वाजेपर्यंत चालला. परंतु तो पुन्हा उघडणार आहे याची वेळीच कल्पना नसल्यामुळे अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे आधीच मिटवून टाकले होते.

पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने याबाबत कडक दंडक घालून दिला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करावयाची आणि त्यानंतर ४५ मिनिटांच्या आत पर्यायी केंद्रातून काम सुरू करावयाचे. या घटनेतून ग्राहकाच्या दृष्टीने दुसरा बोध असा की, बिघाडाइतकेच नुकसान मौनामुळेही होते. सेवा केव्हा सुरू होईल, हे प्रामाणिकपणे आणि वेळेवर सांगणे हेही सेवेचेच अंग आहे.

पुनःपुन्हा विचारण्याचा भार

मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या आत यूपीआय सेवा तीन वेळा खंडित झाली: २६ मार्च, २ एप्रिल आणि १२ एप्रिल. यांपैकी १२ एप्रिलच्या घटनेचे कारण उद्बोधक आहे. ‘अमुक व्यवहार पूर्ण झाला काय?’ अशी विचारणा करणाऱ्या संदेशांचा बँकांकडून मध्यवर्ती यंत्रणेवर इतका वर्षाव झाला की, मूळ व्यवहारांनाच वाट मिळेना. खिडकीवरील कर्मचाऱ्याला पन्नास जणांनी एकाच वेळी ‘झाले का?’ म्हणून विचारले, तर काम करणार कोण? पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने या विचारणांवर मर्यादा आणली. १ ऑगस्ट २०२५ पासून शिल्लक पाहण्यावरही एका ॲपमधून दिवसाला ५० वेळांची मर्यादा घालण्यात आली.

कुंभकोणमचे गप्प झालेले यंत्र

मरुदानल्लूरच्या शेजारच्या कुंभकोणम नगरात बँक व्यवसायाचीही जुनी परंपरा आहे. १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ म्हणून स्थापन झालेल्या आणि आज सिटी युनियन बँक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मुख्यालय येथेच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेवर जो प्रसंग आला, तो प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे.

परदेशी बँकांशी होणाऱ्या व्यवहारांचे संदेश ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून जातात. त्यांच्या पोचपावत्या छापणारे यंत्र ६ फेब्रुवारी रोजी बंद पडले. वरवर पाहता हा रोजच्यासारखाच एक बिघाड होता. वस्तुतः संगणक यंत्रणेत शिरलेल्या चोरट्यांनी ते यंत्र तोडले होते. सुमारे २० लाख डॉलरच्या तीन बनावट पाठवण्यांची पोच कोणाच्या दृष्टीस पडू नये, हा त्यामागील हेतू होता.

७ फेब्रुवारी रोजी नेहमीप्रमाणे खात्यांचा ताळमेळ घेताना ही फसवणूक उघडकीस आली. बँकेने तातडीने संबंधित परदेशी बँकांना सावध केले. दुबईकडे निघालेली पाच लाख डॉलरची रक्कम रोखली जाऊन परत मिळाली. उरलेल्या दोन रकमा तुर्कस्तान आणि चीनमधील खात्यांकडे गेल्याचे आढळले आणि त्या परत मिळविण्यासाठी प्रयत्न सुरू झाले. बँकेने हा प्रकार दडविला नाही. त्याच महिन्यात तो जाहीर केला.

यंत्र गप्प झाले होते, पण रोजच्या ताळमेळाची सवय गप्प झाली नव्हती. जुन्या पेढ्यांवर दिवेलागणीला रोजकीर्द जुळविल्याशिवाय मुनीम घरी जात नसे. एका पैशाचा फरक निघाला तरी तो शोधला जाई. त्या शिस्तीचे मोल संगणकाच्या युगातही कमी झालेले नाही, हेच या प्रसंगाने दाखवून दिले. शिवाय प्रत्येक बिघाड हा निव्वळ बिघाडच असतो असे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे, हेही त्यातून दिसते.

आपण काय करावे?

वाचकहो, कोणतीही संगणकीय सेवा कधीच थांबणार नाही, असे आश्वासन कोणतीही संस्था प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. मात्र सेवा थांबली असता ग्राहकाचे नुकसान होऊ नये, यासाठी नियम आहेत आणि आपणही काही पथ्ये पाळू शकतो.

पैसे वजा झाले आणि समोरच्यास पोचले नाहीत, तर तोच व्यवहार लगेच पुन्हा करू नये. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठविलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, तर दुकानदारास दिलेली किंवा एटीएममधून न मिळालेली रक्कम पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय असते. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

दुसरे पथ्य पर्यायाचे. घरात दोन-तीन दिवसांच्या गरजेपुरती रोख रक्कम असावी. शक्य असल्यास दुसऱ्या बँकेत एक लहानसे खाते असावे. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइट उपयोगी पडते. त्यातील प्रत्येक खर्चासाठी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जावे लागत नाही. साध्या भ्रमणध्वनीवरूनही ‘यूपीआय १२३पे’द्वारे पैसे पाठविता येतात. प्रवासाला निघताना तिकिटाची आणि ओळखपत्राची कागदी प्रत जवळ बाळगण्यात कमीपणा मानू नये.

तिसरे पथ्य सावधगिरीचे. सेवा बंद असते तेव्हाच भामट्यांचा धंदा तेजीत असतो. ‘आपला अडकलेला व्यवहार सोडवून देतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी दूरध्वनीस उत्तर देऊ नये, गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये. मदतीचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे पाहूनच लावावा. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे.

आणि चौथे पथ्य कुंभकोणमच्या त्या सकाळचे. आठवड्यातून एकदा, चहाचा पेला बाजूला ठेवून, आपल्या खात्याचा उतारा पाहावा. प्रत्येक नोंद ओळखीची आहे ना, याची खात्री करावी. न जुळणारी रक्कम लहान असली तरी शाखेत विचारावे. असा प्रश्न विचारणारा ग्राहक बँकेला अडचणीचा वाटता कामा नये, कारण ताळमेळ घेणारी ती आणखी एक नजर असते.