सर्व जमिनींचा टायर : निवड कशी करावी?

गाडी घेताना माणूस इंजिनाची ताकद विचारतो, हौद्याची लांबी मोजतो, मायलेजचा हिशेब चार जणांकडून पडताळून घेतो. पण टायरपाशी आला म्हणजे 'दुकानदार देईल तो' असे म्हणून मोकळा होतो. वास्तविक गाडीचा आणि जमिनीचा संबंध येतो तो फक्त टायरपाशी. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवण्याचे काम टायरचे. आपणांपैकी पुष्कळांच्या दारी पिकअप नसेल. पण मंडईतली भाजी, किराणा दुकानातला माल, बांधकामावरचे सिमेंट पिकअपमधूनच येते, आणि पावसात तीच गाडी आपल्या स्कूटरच्या मागे असते. तेव्हा हा प्रश्न केवळ गाडीमालकाचा आहे असे आम्ही मानीत नाही.

प्रथम एक लहानसा हिशेब करू. समजा, गाडीचे वजन २००० किलो आहे आणि ते चारही चाकांवर सारखे वाटले गेले आहे. प्रत्येक चाकावर ५०० किलो आले. टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलोचा दाब पडतो. म्हणजे प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागेवर. साधारण दीड पोस्टकार्डाएवढ्या! गाडी पळते, वळते, थांबते ती एवढ्याशा जागेच्या भरवशावर. ही जागा कशी वापरायची, एवढाच टायरच्या नक्षीचा प्रश्न आहे.

पिकअपच्या टायरचे ढोबळ मानाने तीन प्रकार होतात. पहिला डांबरी रस्त्याचा. याच्या खाचा अरुंद, रबराचे पट्टे सलग. त्यामुळे जमिनीला अधिक रबर टेकते, आवाज कमी होतो आणि डिझेल वाचते. दुसरा चिखलाचा. याची ठोकळ्यांसारखी नक्षी मोठी व विरळ असते. ठोकळे चिखलात रुततात आणि मधल्या रुंद फटींतून चिखल बाहेर फेकला जातो. तिसरा या दोहोंच्या मधला, तोच 'ऑल-टेरेन'. अमेरिकेत बीएफगुडरिच कंपनीने १९७६ साली हलक्या ट्रकांसाठी या नावाचा रेडियल टायर काढला आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला.

'सर्व जमिनी' या शब्दांनी मात्र फसू नये. मधला टायर सर्वत्र बऱ्यापैकी चालतो. सर्वत्र उत्तम चालत नाही. फटी वाढवल्या की टेकणारे रबर कमी होते. सुटे ठोकळे ब्रेक मारताना किंचित लवतात, म्हणून ओल्या डांबरावर असे काही टायर रस्त्याच्या चांगल्या टायरपेक्षा गाडी उशिरा थांबवतात. टायर सामान्यतः जडही असतो. डिझेल थोडे अधिक जाते आणि वेग वाढला की घरघर ऐकू येते. याच्या बदल्यात मिळते ते हे : खडीवर आणि मुरमावर पकड, दगडांनी सहज न कापले जाणारे रबर, आणि पुष्कळदा अधिक मजबूत बाजू. हा सौदा आपल्याला परवडतो की नाही, हे आपल्या रस्त्यावर अवलंबून आहे.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, टायर पाहण्याआधी आठवडाभर रस्त्याची वही ठेवावी. समजा, एखाद्या बागायतदाराचा रोजचा फेरा १०० किलोमीटरांचा आहे. पैकी ९४ डांबरी आणि ६ शेतरस्त्याचे. त्या सहांत मुरूम टाकलेला असेल, तर रस्त्याचा टायर पुरतो. सहांतले चार टोकदार खडीचे असतील आणि दर दोन महिन्यांनी टायरची बाजू फाटत असेल, तर मधला टायर घेणे शहाणपणाचे. जो रोज खाणीवर, धरणाच्या कामावर किंवा डोंगरातल्या वाडीवस्त्यांवर जातो, त्याने तो जरूर घ्यावा. वर्षातून एकदा गाडी रुतली म्हणून घेऊ नये. त्यासाठी गाडीत फावडे आणि दोर असावा.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पावसाळ्यात देशावरची काळी माती टायरच्या फटींत अशी चिकटून बसते की दहा-वीस फेऱ्यांत नक्षी बुजते आणि टायर गुळगुळीत होतो. मधल्या टायरच्या फटी बेताच्या. त्या लवकर भरतात. अशा मातीत चिखलाचा टायरही कधी कधी हात टेकतो. तेथे उपाय टायरात नसून मुरमात आहे : बांधापासून पक्क्या रस्त्यापर्यंत भर घालावी, किंवा माल पक्क्या रस्त्यापर्यंत दुसऱ्या साधनाने आणावा. कोकणात आणि घाटात प्रश्न उलटा असतो. तेथे रस्ता बहुधा डांबरी, पण ओला, उताराचा आणि वळणांचा. तेथे नक्षीच्या रुबाबापेक्षा ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचा विचार आधी करावा.

आता टायरच्या बाजूवरचे आकडे वाचू. समजा, '२६५/६५ आर १७, ११२ एस' असे लिहिले आहे. २६५ ही मिलिमीटरांत रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ६५. 'आर' म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा इंचांतला व्यास. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरांपर्यंतची मर्यादा. पण पिकअपवाल्याने सर्वांत आधी पाहायचा तो ११२ हा आकडा. हा भाराचा क्रमांक आहे. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, तेही ठरवून दिलेल्या हवेवर. क्रमांक १०४ असेल तर ९०० किलोच. माल भरल्यावर मागच्या दोन चाकांवर मिळून १,९०० किलो येत असतील, तर प्रत्येकी ९५० झाले. १०४ क्रमांकाचा टायर तेथे कामाचा नाही, मग त्याची नक्षी कितीही दणकट दिसो. कंपनीने गाडीला जो क्रमांक सांगितला असेल, त्याखाली कधीही उतरू नये.

मापाचेही तसेच. उंच टायरने गाडी ऐटदार दिसते, म्हणून पुष्कळ जण २६५/६५ च्या जागी २६५/७० बसवतात. टायरचा व्यास ७७६ मिलिमीटरांवरून ८०३ वर जातो. गाडीची उंची वाढते ती फक्त तेरा मिलिमीटर. आधी काटा बिनचूक असेल, तर आता तो १०० दाखवीत असताना गाडी १०३ च्या पुढे धावत असते. चढावर ओढ कमी पडते आणि वळताना टायर मडगार्डला घासण्याची भीती असते. तेरा मिलिमीटरांसाठी एवढे करावे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जड माल वाहणारे पुष्कळ जण अजून नायलॉनचा टायर पसंत करतात, कारण त्याची बाजू जाड असते. रेडियलमध्ये मात्र दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. त्यामुळे टायर कमी तापतो आणि नक्षी अधिक टिकते. दोन्ही चांगले, पण एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल कधीही नको. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत, नाही तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

हवेबद्दल दोन शब्द. भुसभुशीत वाळूत हवा थोडी कमी केली की टेकणारी जागा वाढते आणि गाडी निघते, हे खरे. पण डांबरावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा, भार घेतलेला टायर वेगात तापतो आणि फुटतो. हवा मोजावी ती सकाळी, टायर थंड असताना. आणि स्टेपनीची मोजायला विसरू नये.

शेवटी वय. टायरच्या बाजूवर कारखान्याच्या खुणेशेजारी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर जुनेच असते. आपल्याकडील नियमाप्रमाणे चारचाकी गाडीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरांपेक्षा कमी असता कामा नये. पण पावसाळ्यात इतकी वाट पाहू नये, असे आम्ही सुचवू. उथळ खाचांतून पाणी निघून जात नाही आणि मग टायर पाण्यावर तरंगू लागतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी भार, मग माप, मग ओल्या रस्त्यावरची पकड, मग रस्त्याच्या वहीप्रमाणे नक्षी, आणि सर्वांत शेवटी रूप. पुष्कळदा खरेदी याच्या नेमक्या उलट क्रमाने होते. दुकानात जाताना हा क्रम कागदावर लिहून न्यावा आणि टायर रिमवर चढवण्यापूर्वी त्यावरचे आकडे स्वतः वाचून पाहावेत.