हळदीचा गुण अंगी लागतो कसा?

गावच्या बैठकीत एका शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही कुरकुमिन कुरकुमिन म्हणता, पण ते पोटात गेल्यावर होतं काय?" प्रश्न मोलाचा आहे.

कुरकुमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य. ते पाण्यात विरघळत नाही. त्यामुळं नुसती पूड खाल्ली तर फारच थोडं रक्तात उतरतं. सोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं की हे प्रमाण सुमारे वीस पट वाढतं, असं बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं.

दुसरी वाट नॅनोजेलची. सब्जा पाण्यात टाकला की भोवती बुळबुळीत आवरण फुगतं ना? तसाच पाणी धरणारा, पण डोळ्यांना न दिसणारा कण दुधातलं केसिन, स्टार्च किंवा फळातलं पेक्टिन यांपासून करतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण काही दहा ते काहीशे नॅनोमीटरचे. त्यात कुरकुमिन भरलं की ते पाण्यात मिसळतं, लवकर खराब होत नाही आणि आतड्यापर्यंत पोचतं. दुधातलं केसिन मुळातच असे बारीक गोळे करून कॅल्शियम वाहून नेतं आणि कुरकुमिनलाही धरून ठेवतं. आजीचं हळदीचं दूध उगीच नव्हतं!

मात्र यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. पाकिटावर 'नॅनो' लिहिलंय म्हणून रोग बरा होईल असं समजू नका.

आपण काय करायचं? कण कुठलाही असो, आत भरायचं कुरकुमिन रानातूनच येणार. म्हणून वाई-कोरेगावपासून वाळवा-मिरजेपर्यंतच्या बागायतदारांनी एवढं पाळावं:

१. वाण निवडताना उताऱ्याबरोबर कुरकुमिनही विचारा. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राच्या 'फुले स्वरूपा'त ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे.

२. पाला वाळून गड्डे पक्व झाल्यावरच काढणी करा. काढल्यावर शिजवायला उशीर नको आणि जादा शिजवूही नका.

३. हळद मातीवर नको, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवा.

४. पॉलिश करताना बाहेरचा रंग मुळीच लावू नका. लेड क्रोमेटमधलं शिसं लेकरांच्या मेंदूला मारक आहे.

सरपंच, ग्रामसेवकांनी गावात सामाईक खळं आणि गटानं नमुने तपासायची सोय बघावी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव कमवायला पिढ्या गेल्या. घालवायला रंगाचं एक पोतं पुरेल.