पहिला गिअर पडत नाही

सकाळी ७.४५

शटर वर केलं की आधी काल रात्री आत घेतलेल्या गाड्या बाहेर ढकलायच्या. कापूस वेचणीचे दिवस आहेत. बोलेरो पिकअप आणि छोटा हत्ती यांना सध्या रात्र-दिवस सारखाच, त्यामुळे सकाळी दारात कोण उभं असेल ते सांगता येत नाही. माझं गॅरेज जाफराबाद तालुक्यात, जिल्हा जालना, पण बुलढाणा जिल्ह्याची हद्द जवळ. म्हणून दारात एमएच २१ असते तशीच एमएच २८ पण असते. टेंभुर्णी, माहोरा, देऊळगाव राजा, चिखली, सगळीकडचं गिऱ्हाईक. पार्ट मात्र जालन्याहून येतात. हे जालन्याचं अंतर माझ्या कामाच्या पद्धतीत पुरतं मुरलंय. शहरातला मिस्तरी गिअरबॉक्स आधी उतरवतो आणि विचार मग करतो, कारण दुकान समोरच्या गल्लीत असतं. मला तसं परवडत नाही.

८.२०

आल्टो आली ती धक्के खातच. आवाजावरूनच कळलं की गाडी बंद असताना पहिला गिअर टाकून सेल्फ मारत आणलीय. क्लच सुटत नसला की शेतकरी हा उपाय करतात. गाडी हिसका मारून निघते आणि पुढे रेसवर अंदाज धरून गिअर बदलायचे. घरी पोचायला ठीक आहे. रोज केलं तर सेल्फ आणि गिअरबॉक्स दोन्ही बोंबलतात.

काका माहोऱ्याकडचे. शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट घेतात. आमच्या भागात हा धंदा चांगलाच वाढलाय, मिरची, टोमॅटोचं बियाणं कंपनीला करून द्यायचं. परागीकरणाला बाया आणायच्या, सोडायच्या, म्हणून गाडीवाचून त्यांचा दिवस अडतो.

“मिस्तरी, मागच्या आठवड्यात पूर्ण क्लच टाकला. प्लेट, प्रेशर, बेअरिंग, सगळं नवं. तरी गिअर पडत नाही.”

“कुठं टाकला?”

त्यांनी गाव सांगितलं. गाव आणि गॅरेज, दोन्ही इथं नको.

“पार्ट लोकल होता,” ते स्वतःच म्हणाले. “कंपनीचा महाग सांगितला. लोकलनेच घात केला.”

हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळतं की मी त्यावर हं देखील म्हणत नाही. बाजारातला पार्ट वाईट असतो तसा चांगलाही असतो. डबा बघून न्याय करणाऱ्यांत गिऱ्हाइकापेक्षा मिस्तरीच पुढे असतात, कारण पार्ट दोषी ठरला की बाकी सगळे सुटतात.

८.४०

गाडी चालू, न्यूट्रल. पेडल पूर्ण दाबून धरलं, दहा सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकायला गेलो. कर्रर्र. या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट थांबला नसेल तर तो लगेच चुगली करतो. गाडी बंद केली तर पाचही गिअर लोण्यासारखे पडतात. म्हणजे गिअरबॉक्सचा दोष नाही, क्लचच सुटत नाही.

आता बाहेरून आत जायचं. आधी पेडलखालची चटई. हसू नका. चटईवर चटई टाकलेली गाडी मी बघितली आहे. पेडल बुडापर्यंत जातच नव्हतं. इथं तसं नव्हतं. मग पेडलचा मोकळा खेळ. पाय ठेवल्यावर वजन लागायच्या आधी पेडल अर्ध्या इंचापेक्षा थोडं जास्त आणि एक इंचाच्या आत मोकळं हलायला हवं. इथं खेळ शून्य. बॉनेट उघडलं. आल्टोचा क्लच केबलवर चालतो. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला केबलचं टोक आणि तिथं ॲडजस्टिंग नट. हा नट आट्याच्या शेवटापर्यंत कसलेला. म्हणजे गाडी देतानाच क्लच सुटत नव्हता आणि ज्यांनी बसवला त्यांना ते कळलं होतं. केबल ओढून ओढून त्यांनी वेळ मारून नेली होती.

हेल्पर पोरगा आत बसून पेडल दाबतो, मी लिव्हरजवळ पट्टी धरतो. लिव्हर चांगला भरपूर सरकतो. म्हणजे केबल ताणलेली नाही, पेडल वाकलेलं नाही, केबलचं आवरण टेकतं तो पत्राही आत दबत नाही. पायाची ताकद गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत पोचतेय.

९.१५

शेवटची बाहेरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला काही खर्च नाही. पुढचं एक चाक जॅकवर घ्यायचं, खाली घोडी लावायची. गाडी बंद, पहिला गिअर. पोरगा पेडल दाबून धरणार आणि मी चाक हाताने फिरवणार. क्लच सुटला तर चाक फिरतं, नाही तर अडतं. पोरग्याने नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूलाही जॅक लावायला घेतला.

“एकच चाक उचल. कामून ते सांग.”

त्याला आठवेना. दोन्ही चाकं अधांतरी असली की डिफरन्शियल आपलं काम करतो. मी हे चाक पुढे फिरवलं की ते मागे फिरतं. क्लच घट्ट असला तरी चाक हातात मोकळं येतं आणि माणूस फसतो. एक चाक जमिनीवर असलं की ती पळवाट बंद होते.

चाक फिरलं, पण जड. पेडल सोडल्यावर पूर्ण जाम, दाबल्यावर जड. अर्धवट सुटतोय. दाब उचलला जातोय, पण प्लेट कुठंतरी घासतेय. आता उतरवायला हरकत नाही.

“काका, जुनी प्लेट कुठं आहे?”

“डिक्कीत.”

इथं मला खरंच बरं वाटलं. बहुतेकांची जुनी प्लेट त्याच दिवशी भंगारात जाते आणि मग नवीन कशाशी ताडून बघायची हा प्रश्न उरतो. काका काही फेकत नाहीत. डिक्कीत स्प्रेपंपाचं नोजल होतं, ठिबकच्या जोडण्या होत्या आणि त्याखाली गोणपाटात गुंडाळलेली प्लेट.

९.४५ ते ११.४५

या दोन तासांत सांगण्यासारखं थोडं. मधेच एक छोटा हत्ती फॅनबेल्टसाठी आला, लाईट गेली, पंक्चरवाला हवा मागायला आला. बॅटरी सोडली, ऑइल काढलं, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर, स्टार्टर बाजूला, मग गिअरबॉक्सखाली जॅक. बोल्ट निघाले तरी गिअरबॉक्स लोंबकळू द्यायचा नाही. सरळ मागे ओढून खाली घ्यायचा. हे मी पोरग्याला दर वेळी सांगतो. आज त्याचं कारण त्याला दिसणार होतं, पण ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

दुपारी १२

क्लच उघडला. धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि स्वस्त मालाच्या डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. हेल्परच्या छातीत कशाला घालायचं?

पहिली शंका, प्लेट उलटी बसवली का? नाही. सुलटी होती. मधल्या हबचा फ्लायव्हीलच्या बोल्टांशी घासल्याचा ओरखडा कुठंच नाही. दुसरी शंका, भलत्याच मॉडेलची प्लेट. जुनी आणि नवी शेजारी ठेवल्या. व्यास तोच, दात तितकेच, हबची उंची वर्निअरने मोजली तर दोन्ही सारख्या. अस्तराची जाडी नवीची जास्त, ती असणारच. प्रेशर प्लेटच्या जिभा एका पातळीत. बेअरिंग हातात गुळगुळीत फिरतं. काका डोळे बारीक करून बघत होते. त्यांना लोकल पार्टची चूक हवी होती.

माझ्याकडे एका मोडीत निघालेल्या आल्टोच्या गिअरबॉक्सचा कापलेला इनपुट शाफ्ट आहे. प्लेट मध्यावर धरायला तोच वापरतो. तो पकडीत उभा धरला आणि त्यावर नवी प्लेट सोडली. प्लेट स्वतःच्या वजनाने घसरत खाली यायला हवी. आली नाही. वरच्या टोकालाच अडली. काकांची जुनी प्लेट सोडली, तर ती सर्रकन खाली.

नवी प्लेट उजेडात धरली. हबच्या आत जे दात असतात त्यांच्या कडा गिअरबॉक्सकडच्या तोंडाला चेपलेल्या, धातू दुमडून आत आलेला. दुसऱ्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या बाजूला, तेच दात स्वच्छ, कारखान्यातून आले तसे. बनवतानाचा दोष असता तर एकाच तोंडाला, तेही शाफ्ट शिरतो त्याच बाजूला, असा घाव पडला नसता.

मग कानसीने त्या कडा थोड्या साफ करून प्लेट शाफ्टवर बसवली, फिरवली आणि बाहेरच्या कडेजवळ पट्टी धरली. कडा पट्टीपासून लांब जाते, जवळ येते. एवढा डोल एक मिलिमीटरच्या आत असला तर चालतो. हा दीडच्या वर होता.

काकांना समजावलं ते असं. पेडल पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट फार तर दीड-दोन मिलिमीटर मागे सरकते. तेवढ्याच फटीत क्लच प्लेट मोकळी व्हायची असते. प्लेटच दीड मिलिमीटर वाकडी असेल तर ती एकीकडे फ्लायव्हीलला, दुसरीकडे प्रेशरला टेकतेच. वर दात अडकलेले, म्हणजे तिला शाफ्टवर मागे-पुढे सरकताही येत नाही. केबल कितीही कसा.

“मग वाकडी झाली कशाने?”

गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट दातांत नीट बसला नाही. तेव्हा फ्लायव्हील थोडं फिरवून दात जुळवायचे असतात. त्याऐवजी गिअरबॉक्सचं वजन तसंच शाफ्टवर लटकू दिलं आणि बोल्ट कसून तो ओढून घेतला. एवढं जड धूड पातळ पत्र्याच्या प्लेटवर टांगलं तर काय होणार? कडा चेपल्या, पत्रा वाकला. लोकल प्लेट बिचारी निर्दोष होती.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पैसे पार्टवाल्याकडून मिळत नाहीत.” हिशेब त्यांचा बरोबर होता.

१२.४५

जालन्याला फोन. फक्त क्लच प्लेट हवी, पूर्ण सेट नको. सेट घेतला तर दुकानदाराचाही फायदा आणि माझाही, पण प्रेशर आणि बेअरिंग आठवडाभर चाललेलं, ठणठणीत आहे. दुकानदाराने काळीपिवळीवाल्याकडे द्यायचं कबूल केलं.

एक्सेडी ही क्लच बनवणारी कंपनी, जिचं आधीचं नाव सीके डायकिन, तिचा कारखाना छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत आहे, इथून शंभरेक किलोमीटर. तरी माझ्या हातात प्लेट पडायला जालन्याचा दुकानदार, काळीपिवळी आणि ड्रायव्हरचा चहा एवढं मधे असतं.

जेवण. भाकरी आणि ठेचा. मिरचीच्या पट्ट्यात राहतो, ठेच्याला तोटा नाही. जेवणानंतर पिकअपचे ब्रेक.

३.५०

प्लेट आली. ड्रायव्हरला थांबवून ठेवलं. डबा उघडला, प्लेट कापलेल्या शाफ्टवर सोडली, घसरली. फिरवून डोल बघितला, नाहीच म्हणावा इतका. जुनीशी व्यास आणि हब ताडला. मगच ड्रायव्हरला सोडलं. चुकीचा माल त्याच गाडीने परत गेला तर दुकानदार घेतो. उद्या ग्रीसचे हात लागलेली प्लेट पाठवली तर घेत नाही.

फ्लायव्हील आणि प्रेशर पेट्रोलच्या फडक्याने पुसलं. शाफ्टच्या दातांना ग्रीसचा पातळ हात, जास्तीचं पुसून काढलं. जास्त ग्रीस फिरताना उडतं आणि अस्तरावर बसतं. मग क्लच सुटण्याऐवजी घसरायला लागतो. प्रेशरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत कसले.

गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट शेवटच्या बोटभर अंतरावर अडलाच. पोरग्याचा हात सवयीने बोल्टकडे गेला आणि तिथंच थबकला. त्याने स्वतःहून पाना घेऊन पुढची पुली किंचित फिरवली. खट्ट करून गिअरबॉक्स आत बसला. मी काही बोललो नाही.

५.४०

ॲडजस्टिंग नट मागे घेतला, आट्यांच्या साधारण मध्यावर आला. पेडलला खेळ दिला. खेळ ठेवायचा तो अशासाठी की बेअरिंग विनाकारण जिभांवर टेकून फिरत राहू नये. एक चाक वर, पहिला गिअर, पेडल दाबलं, चाक बोटाने फिरलं. गाडी चालू करून रिव्हर्स, आवाज नाही. भोकरदन रस्त्याने एक चक्कर मारून आणली, चढावर उभी करून उचलली. क्लच घसरतही नाही.

बिल. प्लेटचे पैसे रोख, मजुरी बियाण्याचं पेमेंट आल्यावर. ही पद्धत इकडे जुनीच आहे, वाद नाही.

काकांनी वाकडी प्लेट मागून घेतली. “त्याला नेऊन दाखवतो.”

“दाखवा. पण भांडण मजुरीचं करा, पार्टचं नको. आणि हजारेक किलोमीटर झाले की गाडी एकदा आणा. नवं अस्तर बसलं की जिभा बेअरिंगकडे सरकतात, खेळ कमी होतो. नट थोडा ढिला करावा लागेल.”

“त्याचे पैसे?”

“नट ढिला करायचे कोण घेतं?”

काकांनी दोन्ही प्लेटा गोणपाटात गुंडाळल्या, डिक्कीत टाकल्या आणि निघाले. परागीकरणाच्या बायांना घरी सोडायची वेळ झाली होती. मी पिकअपचं राहिलेलं मागचं चाक खोलायला घेतलं.