दारावरची बेल आणि आवाजी सहायक

बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. त्यांपैकी कित्येक घरांतील मुले नोकरीनिमित्त दूर गेली असून मागे वृद्ध आईवडीलच उरले आहेत. बेल वाजताच माडीवरून जिना उतरणे त्यांना जड जाते, आणि अनोळखी व्यक्तीस दार उघडणे धोक्याचेही असते. कॅमेऱ्याची बेल ‘अॅलेक्सा’सारख्या आवाजी सहायकाशी जोडल्यास, पडदा असलेल्या उपकरणास नुसते सांगताच दारातील व्यक्ती दिसते व तिच्याशी बोलताही येते.

ही जोडणी तारेची नव्हे. बेल प्रथम तिच्या अॅपमधून घरच्या वायफायवर आणावी लागते. नंतर सहायकाच्या अॅपमध्ये त्या बेलचे ‘स्किल’ सुरू करून दोन्ही खात्यांची गाठ घातली जाते. अॅलेक्साला भारतात हिंदी २०१९ मध्ये अवगत झाली. तेव्हा बेलला ‘मुख्य दरवाजा’ असे दोन्ही भाषांत चालणारे नाव द्यावे, हे सोयीचे.

चित्र सामान्यतः कंपनीच्या दूरस्थ संगणकांमार्गे येते. परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती पडल्यास आपला उंबरठा त्यालाही दिसू लागतो. म्हणून दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. आवाजाने कुलूप उघडण्याची सोय मात्र टाळलेलीच बरी.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात शहराच्या अनेक भागांतील वीज खंडित झाली होती. अशा वेळी वायफाय बंद पडते व सहायकही मुका होतो. यास्तव दाराचे जुने भिंग व साखळी काढून टाकू नये.